याची भाकर होते काय?

यवतमाळात एखाद्याला शुगर निघाली की ती त्याला एकट्याला निघत नाही. आधी घराला निघते, मग गल्लीला, आणि आठवड्याभरात पोस्टल ग्राउंडवर सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाकडे त्या शुगरवरचा एकेक हुकमी इलाज तयार असतो. आमच्या ह्यांचा रिपोर्ट आला तेव्हा मैदानावर लगेच चार पक्ष पडले. मेथीदाण्याचं पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची भुकटी आणि कडुनिंबाचा कोवळा पाला. हे बँकेतून निवृत्त झालेले. काउंटरवरच्या कुणालाही नाराज करायचं नाही ही जुनी सवय. त्यांनी चारही पक्षांना पाठिंबा दिला. पहाटे चारही कडू प्रकार घ्यायचे आणि परत येताना दत्त चौकात तर्रीपोहे खाऊन यायचं. विचारलं तर म्हणायचे, "तोंडाची चव जाते ना मग."

दिवाळीला मुलगा पुण्याहून आला. चकल्या, शेव, अनारसे बघून "बाबा, हे सगळं कार्ब आहे" असं म्हणाला आणि बोलता बोलता त्यातलं निम्मं कार्ब त्यानं स्वतःच संपवलं. मग बॅगेतून एक पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. किनवा. पाकिटावर बर्फाचा डोंगर होता आणि एक सडसडीत बाई होती. बाई हसत होती, म्हणजे वाडग्यातलं तिनं अजून खाल्लेलं नसावं.

"आजपासून बाबांचा भात बंद, पोळी बंद. त्याऐवजी हे," मुलानं जाहीर केलं.

आमच्या घरात कुठलीही गोष्ट कशाच्या ऐवजी येत नाही, सोबत येते. गॅस आला तरी मागच्या अंगणातली चूल गेली नाही. कुकर आला, पण वरणाचा गंज जागचा हलला नाही. मुलगा ह्याच घरात वाढला, त्याला हे माहीत असायला हवं. पण पुण्यात राहून माणसं घरचं विसरतात.

घरात येणारं धान्य आधी आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हाताखालून जातं. वय ऐंशीच्या पुढे, माहेर दारव्ह्याकडचं, सगळा जन्म ज्वारी-तुरीत गेलेला. त्यांची तपासणी बघण्याजोगी असते. तळहातावर चिमूटभर दाणे घ्यायचे, खिडकीपाशी न्यायचे, एक फुंकर, मग बोटानं पसरून बघणं, मग वास, आणि शेवटी एक दाणा उरलेल्या दाढेखाली. दाढेखालचा आवाज ऐकायला त्या डोळे मिटतात. ज्वारी कोणत्या महिन्यात निघाली हे त्या आवाजावरून सांगतात, आणि ते बरोबर निघतं की नाही हे तपासायची आमच्यात कुणाची हिंमत नाही.

"राजगिरा नव्हे," आई म्हणाल्या. "भगर नव्हे. राळा तं मुळीच नव्हे. कुठलं होय हे?"

"बोलिव्हियाचं, आजी."

"कोनत्या तालुक्यात आलं?"

यवतमाळ जिल्ह्यात तालुके १६ आणि बहुतेक तालुक्यांत आमची सोयरीक, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मुलानं मोबाइल काढला आणि किनव्याची वंशावळ वाचायला सुरुवात केली. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, बोलिव्हिया आणि पेरूच्या पठारावर, पावणेचार-चार हजार मीटर उंचीवर हे पीक हजारो वर्षांपासून निघतं. आमच्यासाठी उंच म्हणजे चिखलदरा. तीन चिखलदरे एकावर एक ठेवले तरी तिथवर हात पोचायचा नाही. १९९३ साली नासाच्या शास्त्रज्ञांनी लांबच्या अंतराळप्रवासात यानातच पिकवता येईल असं धान्य म्हणून याचा अभ्यास केला. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किनव्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, आणि बोलिव्हियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस त्याचे खास दूत होऊन फिरले.

"आनि ज्वारीले नाही भेटलं काय वर्ष?" आईंनी विचारलं.

भेटलं की. २०२३ साली, आणि तेही भारताच्याच मागणीवरून. पण किनव्याला अख्खं वर्ष एकट्याला, आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राळा, कोदो या सगळ्यांना मिळून एक.

"एका खाटेवर इतक्या जणी मावतीन कशा?" आई म्हणाल्या. संयुक्त राष्ट्रांवर याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

मुलाचा खरा मुद्दा हा की धान्य परदेशातलं आहे आणि तिकडची शहाणी माणसं ते खातात. इथं त्याचं गणित चुकलं. आईंच्या पिढीपुढं परदेशी धान्याची तारीफ जपून करावी. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो नावाची. रोजगार हमीच्या कामांवर सुकडी आणि घरी मिलो. "लालभडक भाकर," आई सांगू लागल्या. "थापाले गेलं का चिरे, तव्यावर टाकली का तुटे, तोंडात घातली का घशात फिरे. तरी खाल्ली. लेकरायले बी खाऊ घातली."

"पण आजी, हे तब्येतीसाठी आहे."

"मंग थे कायसाठी होतं?"

मुलानं मोबाइल खिशात ठेवला.

मिलोच्या आधी हायब्रीड येऊन गेली होती. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर लटकवा, असं त्यांनी १९६५ साली पुण्याच्या जाहीर सभेत सांगितलं. त्याच सुमाराला संकरित ज्वारी गावोगाव गेली. आमच्या जिल्ह्याचा माणूस मुख्यमंत्री, तेव्हा हायब्रीडला नावं ठेवणं म्हणजे घरच्याच माणसाला नावं ठेवणं. तरी बायांनी ठेवलीच. भाकरीला गावरान ज्वारीची गोडी नाही, कडबा ढोरं तोंड वाकडं करून खातात, आणि ऐन कणसं भरताना पाऊस आला की दाणा काळा. आई अजूनही त्या वर्षांतल्या पोत्यांबद्दल छाती फुगवून बोलतात आणि भाकरीबद्दल आवाज खाली आणून. शेतातला कापूस म्हणाल तर त्याचं मूळ कुळ मेक्सिकोकडचं, २००२ नंतर तर तोही बीटी झाला. सोयाबीन चीनकडचं. नवं पीक, नवं वाण, नवं औषध, नवी जाहिरात हे सगळं पाहून चुकलेल्या जिल्ह्यात किनव्याचं पाकीट ओट्यावर बसलं होतं. त्याला वाटत असावं की आपण काहीतरी खळबळ उडवणार आहोत.

भाऊबीज आटोपून मुलगा गेला आणि पाकीट माझ्यावर सोडून गेला.

किनव्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा कडू थर असतो. रिठ्यात जे असतं तेच हे. पाकिटाच्या मागं अगदी बारीक अक्षरात 'स्वच्छ धुऊन घ्या' एवढंच छापलं होतं. मी तांदूळ धुते तसा हात फिरवला आणि गंजात फेस वर आला. पाणी बदललं, पुन्हा फेस. आई मागं उभ्या होत्याच. "अवं माय, हे शिजवाचं होय का याच्यात कपडे भिजवाचे?" त्यात दाणा इतका बारीक की ओतताना निम्मा पाण्याबरोबर वाहून जातो. भाजीच्या चाळणीतून सरळ खाली आणि पिठाची चाळणी तुंबून बसते. शेवटी ह्यांच्या जुन्या मलमलच्या धोतराचं फडकं काढलं, त्यात पुरचुंडी बांधली आणि नळाखाली धरली.

आणि इथं खरी अडचण होती. फेस जाईपर्यंत पाणी सोडायचं, हे यवतमाळच्या बाईला सांगणं सोपं नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणांनी तळ गाठला होता. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. लोक रात्री टँकरच्या आवाजावर कान ठेवून झोपायचे आणि लग्नाच्या पत्रिकेपेक्षा पाण्याच्या वेळापत्रकाची वाट जास्त पाहायचे. तेव्हापासून आमच्याकडे तांदळाचं पाणी गोड लिंबाला, भाजीचं कुंड्यांना, आंघोळीचं केळीला. हे सगळं आईंच्या हुकुमानं. किनव्याचं फेसाळ पाणीही त्यांनी मोरीत जाऊ दिलं नाही. मागच्या अंगणातल्या वांग्याच्या रिकाम्या वाफ्यात ओतायला लावलं. "कडू हाय तं कीड मरन," त्या म्हणाल्या. फडक्यातून निसटलेले दाणेही पाण्यासोबत तिथंच गेले.

पंधरा मिनिटांत शिजतं म्हणतात, आणि शिजतंही. पण झाकण काढलं तर प्रत्येक दाण्याला पांढरी बारीक शेपटी फुटलेली. दाणा पारदर्शक होतो आणि त्याच्या कडेनं असलेला अंकुर वेटोळा होऊन सुटतो, म्हणजे शिजल्याची ती खूणच. हे मला नंतर कळलं. त्या वेळी शेजारच्या काकू नेमक्या वाटी परत करायला आल्या होत्या. त्यांनी गंजात डोकावलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अगं, याच्यात अळ्या झाल्या का?" ह्यांनी पेपर वाचायचं भिंग आणलं. काळ्या तव्यावर एक दाणा ठेवून तिघांनी तो आळीपाळीनं पाहिला. काकूंचं मत अळी. ह्यांचं मत अंकुर. आईंनी तव्यावरचा दाणा बोटानं ढकलला, थोडी वाट पाहिली आणि म्हणाल्या, "चालत तं नाही."

मग उपमा केला. कांदा, गोड लिंब, हिरवी मिरची, फल्लीदाणे, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबू. चांगला झाला हो, खोटं कशाला बोलू. किनव्याला स्वतःची चव थोडी मातीकडची आहे, पण फोडणीपुढं तो वाद घालत नाही. ह्यांनी दोन घास खाल्ले, मान डोलावली आणि विचारलं, "चांगलं आहे. पोळी कुठंय?"

"हेच पोळीऐवजी आहे."

"मग हे कशाशी खायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि आहारतज्ज्ञांकडेही असेल असं वाटत नाही. हे ज्या पद्धतीनं जेवतात तिच्यात ताटातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाशी तरी खायची असते. वाटीत दिसलं, फोडणी दिलेलं आहे, वरून सांबार आहे, म्हणजे ती भाजी झाली, आणि भाजी पोळीशीच खातात. त्या दिवसापासून आमच्याकडे किनव्याची भाजी होते आणि हे ती तीन पोळ्यांशी खातात. शेवटी थोडा भात, कारण वरण उरलेलं असतं. डॉक्टरांनी 'एक वाटी' लिहून दिलं होतं, पण वाटी कोणती ते लिहिलं नव्हतं. आमच्या मांडणीत तुपाच्या वाटीपासून श्रीखंडाच्या वाटीपर्यंत सगळ्या आहेत. ह्यांनी डॉक्टरांचा शब्द पाळला, श्रीखंडाची वाटी घेऊन.

प्रथिनांचं तेवढं सांगून टाकते, कारण मुलगा फोनवर रोज तेच विचारायचा. कोरड्या किनव्यात १०० ग्रॅमला साधारण १४ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि माणसाला अन्नातूनच घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्लं त्यात आहेत. ही मोठी गोष्ट, नाही म्हणत नाही. पण शिजताना तो इतकं पाणी पितो की ताटात येईपर्यंत तो आकडा ४ च्या आसपास उतरतो. तुरीच्या डाळीत कोरड्या १०० ग्रॅमला २२ च्या आसपास. आणि भातात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळ भरून काढते, डाळीत जे कमी ते भात. वरण-भात कालवणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं कुठल्या पाकिटावर छापलंही नाही.

माझा स्वतःचा हट्ट होता तो गोळाभाताचा. रविवारी केला. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात लसण, जिरं, हिरवी मिरची, हळद, मीठ. मुठीनं गोळे वळायचे आणि भात अर्धाअधिक शिजला की त्यावर मांडून झाकण घालायचं. पण गोळाभाताचा प्राण गोळ्यातही नाही आणि भातातही नाही, तो वरच्या तेलात आहे. हिंग, मोहरी, लाल मिरची यांची कडकडीत फोडणी पळीपळीनं ताटात घ्यायची, गोळा कुस्करायचा, भाताला तेल पिऊ द्यायचं आणि मग घास. भाताच्या जागी मी किनवा घातला. दिसायला झकास झालं. आई, हे, मी आणि नेरचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, असे पंगतीला बसलो.

घास वळेना. किनव्याचा दाणा दाण्याला ओळख देत नाही. बोटांनी गोळा करावा तर पसरतो, अंगठ्यानं ढकलावा तर मनगटाकडे येतो. चमच्यानं जेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि अँडीजमध्ये तो बऱ्याचदा रश्श्यात टाकून खातात, तेही शहाणपणाचंच. पण आम्ही पाच बोटांवाले. ह्यांच्या मिशीत, आईंच्या पदरावर, भाऊजींच्या बाहीत, पाटाखाली, सगळीकडे शेपटीवाले दाणे. तरी तेवढं चाललं असतं. खरा गुन्हा पुढं उघडकीला आला. सगळी फोडणी ताटाच्या कडेला तळं करून उभी होती.

"तेल पित नाही हे," आई म्हणाल्या.

पंगतीत शांतता पसरली. विदर्भात एखाद्या पदार्थाबद्दल याहून वाईट बोलता येत नाही. हे काही बोलले नाहीत. त्यांनी पोळी मागितली आणि ते तेल पुसून घेतलं.

नेरच्या भाऊजींना मात्र चवीशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्याकडचा शेतकरी कुठलीही नवी वस्तू खाताना दोन प्रश्न विचारतो, क्विंटलला भाव काय आणि बियाणं कुठं भेटते. मी सांगितलं की मध्य प्रदेशात नीमचच्या मंडीत किनवा विकायला येतो, राजस्थानातही पेरतात. भाऊजींचे डोळे चमकले. मग सांगितलं की २०१३-१४ च्या सुमाराला जगात भाव आभाळाला टेकले होते, तसे सगळे पेरू लागले आणि भाव धाडकन खाली आले. डोळे पूर्ववत झाले. "म्हणजे कापसाचंच झालं," ते म्हणाले. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात तो पुन्हा तिथं जाईल म्हणून जिल्ह्यातल्या किती घरांत बैठकीपासून माळ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता, हे भाऊजींना सांगायची गरज नव्हती. पाहुण्याला बसायला त्यांनी गंजीवरच जागा केली होती.

"रोही खातात काय याले?" त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. रोही म्हणजे नीलगायी. ज्वारी पेरणं आमच्याकडे कमी झालं त्याला एक कारण पाखरं आणि दुसरं रानडुकरं. रात्र रात्र मचाणावर बसून राखण कोण करणार? मी म्हटलं, कडू थरामुळे पाखरं शक्यतो तोंड लावत नाहीत, तो थर त्यासाठीच असतो.

भाऊजींनी ताटाकडे पाहिलं. "पाखरं खात नाहीत. मंग मानसानं काहून खावं?"

भाकरीचा प्रयोग आईंनी स्वतः अंगावर घेतला. चक्कीवाल्यानं मूठभर धान्य बघून हात जोडले, "ताई, हे तर पाट्यालाच चिकटून राहील." मग मिक्सरमधून काढलं. ज्वारीतही चिकटपणा देणारं ग्लूटेन नसतं. उकळतं पाणी आणि तळहाताची टाच यांच्या बळावर ती भाकर उभी राहते. आईंनी परातीत पीठ घेतलं, आधण ओतलं, मळायला सुरुवात केली. एरवी त्या परातीकडे पाहतही नाहीत, तोंडानं गल्लीतल्या लग्नांचा हिशेब आणि हातानं भाकर असं चालतं. त्या दिवशी गप्प होत्या. थापताना कडा चिरल्या, उचलताना अर्धी हातात आणि अर्धी परातीत. जे तव्यावर पोचलं त्याचे उलथताना तीन तुकडे झाले. आईंनी एक तुकडा चावला आणि बराच वेळ लांब कुठंतरी पाहिलं.

"मिलो बरी होती," त्या म्हणाल्या.

त्याच पिठाचं थालीपीठ केलं, निम्मं ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, भरपूर कांदा घालून. सगळ्यांनी खाल्लं, कुणाला काही कळलं नाही. पण तो विजय कांद्याचा. एवढा कांदा घातल्यावर थालीपिठात काय चाललंय ते थालीपिठालाही कळत नाही.

एक गोष्ट मात्र जमली, आणि ती कुठल्याही पाकिटावर नाही. संध्याकाळी उरलेला किनवा आईंनी जाडसर घोटला, ताक घातलं, मीठ घातलं, लसणाची आणि वाळल्या मिरचीची फोडणी वरून दिली आणि एकट्या ओसरीवर बसून वाडगाभर खाल्ला. मी विचारलं, कसं आहे? "कण्याच होय ह्या," त्या म्हणाल्या. ज्वारी भरडून ताकात शिजवलेल्या कण्या या घरात एकेकाळी रोज रात्री असत. माझं लग्न झालं तेव्हा पाहुणा दिसला की कण्यांचा गंज आत जायचा आणि भाताचं आधण चढायचं. भात मोठ्यांच्या घरचा, कण्या आपल्यातल्या आपल्यात. आता पुण्याहून पाकीट येतं, ज्वारीच्या भावाच्या कितीतरी पट देऊन, आणि आई त्याच्या कण्या करतात. मुलाला हे फोनवर सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, "बघ, आजीनं फ्यूजन केलं."

कार्तिकी एकादशी जवळ आली तशी नवीनच भानगड निघाली. किनवा उपवासाला चालतो काय? काकू म्हणाल्या, धान्य आहे, चालणार नाही. हे म्हणाले, शास्त्रीयदृष्ट्या ते गवतवर्गातलं धान्यच नाही. राजगिरा, पालक, बीट यांच्या कुटुंबातलं बी आहे, आणि राजगिरा चालतो. काकू म्हणाल्या, पण बाहेरचं आहे. इथं ह्यांना बँकेत कधी मिळाला नव्हता तसा सूर सापडला. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो ब्राझीलकडचा, कारखाने सेलमला असले म्हणून काय झालं. आलू अँडीजमधलाच, म्हणजे किनव्याच्या घराशेजारचा. फल्ली बोलिव्हियाच्या बाजूची. मिरचीही अमेरिका खंडातली. "साबुदाण्याच्या उसळीत आपलं म्हणजे काय ते तूप. बाकी आपण विठोबाच्या नावानं दर एकादशीला दक्षिण अमेरिका खातो."

काकूंना हे फार लागलं. त्यांनी तिथल्या तिथं गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, महाग आहे का विचारलं, हो म्हटल्यावर जरा थांबले आणि म्हणाले की चालायला हरकत नसावी, पण माझं नाव सांगू नका.

मग सगळ्यांनी आईंकडे पाहिलं. आमच्या घरात गुरुजींवर अपील आईंकडे चालतं. आईंनी एकच कसोटी लावली. "याची भाकर होते काय?"

नाही होत. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ज्याची भाकर होत नाही थे अन्न नव्हे. चालते."

राजगिऱ्याची तर भाकर होते, असं काकू पुटपुटल्या. "थे थालीपीठ होय," आई म्हणाल्या, आणि सभा संपली. एकादशीला किनव्याची खिचडी झाली, फल्लीचा कूट आणि आलू घालून. हे अर्थातच साबुदाण्याच्या उसळीसोबत खाऊन उठले. पुढच्या तपासणीत शुगर जिथं होती तिथंच राहिली. पोस्टल ग्राउंडवर याचं श्रेय कारल्याच्या रसानं घेतलं.

थंडी पडली. पाकीट संपत आलं होतं आणि कुणी त्याची चौकशी करत नव्हतं. एका सकाळी आई मागच्या अंगणातून ओच्यात काहीतरी घेऊन आल्या आणि सुपात ओतलं. वीतभर रोपं, बदकाच्या पायाच्या आकाराची कोवळी पानं. एक पान उलटं करून त्यांनी अंगठा फिरवला तर पांढरी भुकटी बोटाला लागली. "पाय, वांग्याच्या वाफ्यात चाकवत आपोआप उगवला. यंदा देवाची मेहेरबानी."

मला लगेच फडक्यातून निसटलेले दाणे आठवले. हे पुस्तकात डोकावून आले. चाकवत आणि किनवा एकाच कुळातले, चिनोपोडियम, सख्खी चुलत भावंडं, आणि किनव्याचा पालाही खातात. आईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पानं निवडणं थांबवलं नाही. हरभऱ्याची डाळ आणि फल्लीदाणे शिजवले, पाला बारीक चिरून घातला, ताक लावलं, वरून लसणाची चरचरीत फोडणी. सोबत ज्वारीची भाकर, कांदा, जवसाची चटणी. नेरचे भाऊजी कापसाच्या पैशाच्या कामानं यवतमाळला आले होते, तेही बसले. ह्यांनी तीन वेळा भाजी घेतली. कडेला तेलाचं तळं साचलं नाही.

रात्री मुलाचा फोन आला. आजीला दे म्हणाला. त्याला किनव्याचं काय झालं ते तिच्याकडूनच ऐकायचं होतं.

"दाण्यात काही जीव नाही रे बापा," आई फोन कानापासून हातभर लांब धरून ओरडल्या. "पाला मातर चांगला हाय. पुढच्या खेपेले पालाच आन."